लुकलुकणारी ट्यूब आणि डोळ्यांतील पडदा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा विषय जणू ठरलेलाच होता. इतिहासाचा शिक्षक वडूजवर लिहिणार म्हणजे ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चावर लिहिणार, नाहीतर औंध संस्थानावर. त्या विषयांवर आम्ही यापूर्वी लिहिले आहे आणि पुन्हा लिहूही. या खेपेस मात्र आम्ही मानवी डोळ्याविषयी, नेमके सांगायचे तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे डोळा काय करतो याविषयी लिहीत आहोत. विज्ञानाच्या शिक्षकबंधूंनी ही घुसखोरी क्षमा करावी. या विषयाशी आमची एक जुनी बाकी आहे आणि ती ज्याच्याशी निगडित आहे, त्या माजी विद्यार्थ्याने नाव न घेण्याच्या अटीवर ती सांगण्यास परवानगी दिली आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. वसतिगृहातील संध्याकाळच्या अभ्यासिकेची देखरेख आमच्याकडे असे. खोलीत चार ट्यूब होत्या आणि त्यांपैकी खिडकीकडची एक पंधरवड्यापासून फडफडत होती. व्होल्टेज उतरले की तिचा थरकाप वाढे. बाकावर चढून कोणीतरी स्टार्टर फिरवी, थोडा वेळ ती शांत होई, पुन्हा सुरू. आम्ही हे रोज पाहत होतो आणि नवी ट्यूब आणायला सांगायचे रोज राहून जात होते. तिच्याच खाली आठवीतला एक मुलगा बसत असे. माण तालुक्यातील एका वाडीवरचा. आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरी आजी. एका संध्याकाळी त्याने वर पाहिले, त्याचे दोन्ही हात झटके देऊ लागले आणि तो बाकावरून खाली कोसळला.

पुढे काय झाले असेल हे आपल्या भागातील प्रत्येक वाचक ओळखेल. कोणी कांदा आणायला धावले. कोणी चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. मोठ्या मुलांपैकी एक जण हळूच म्हणाला, की याच्या अंगात आले आहे. आम्ही इतिहासाचे एम. ए.; वर्गात चिकित्सक बुद्धीवर तासन्‌तास बोलणारे. पण चप्पल धरणाऱ्या त्या मुलाचा हात आम्ही धरला नाही. दुसऱ्या दिवशी आजी आली आणि नातवाला घेऊन गेली. तिने त्याला देवर्ष्याकडे नेले. दोन महिने मुलगा शाळेत नव्हता. तिकडे शेजारच्या घरी टीव्ही पाहताना त्याला पुन्हा फिट आली, तेव्हा कुठे त्याचे वडील त्याला घेऊन साताऱ्यास डॉक्टरांकडे गेले. आम्हीही सोबत गेलो.

तेथे मुलाच्या डोक्याला बारीक तारा लावून मेंदूचा आलेख काढला गेला. मग त्याच्या डोळ्यांसमोर एक दिवा ठेवून तो आधी सावकाश, नंतर अधिकाधिक वेगाने लुकलुकवला. एका विशिष्ट वेगाला आलेखाच्या रेषा एकदम उसळल्या. डॉक्टरांनी तत्क्षणी दिवा बंद केला. मुलाच्या डोळ्यांत काहीच दोष नाही, उलट ते लुकलुक फार इमानाने आत पोचवतात, असे त्यांनी समजावून सांगितले. हे वाक्य आम्हाला त्या वेळी कळले नाही. डोळे इमानदार असतील तर मूल पडते कसे? त्या प्रश्नापायी आम्ही पुढे जे वाचत गेलो, ते येथे मांडत आहोत.

लुकलुक म्हटली की आमच्या पिढीला प्रथम आठवतो तो तंबूतला सिनेमा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत तंबू लागत. खाली माती, वर कनात, मागे धडधडणारे यंत्र आणि धुळीतून पडद्याकडे जाणारा प्रकाशाचा झोत. त्या झोताकडे मागे वळून पाहिले की तो थरथरताना दिसे. पडद्याकडे पाहिले की सारे स्थिर. पडद्यावरही प्रकाश सलग नसतोच. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चित्रे दाखवते. प्रत्येक चित्र झोतासमोर क्षणभर थांबते. मग एक फिरती झडप प्रकाश अडवते आणि त्या अंधारात पुढचे चित्र सरकते. गंमत अशी, की झडपेला आणखी एक पाते असते आणि ते चित्र जागेवर थांबलेले असतानाच प्रकाश एकदा अडवते. चित्र सरकण्याशी त्या पात्याचा काही संबंध नाही. ते केवळ प्रेक्षकाच्या डोळ्यांसाठी आहे. सेकंदाला २४ वेळा उजळणारा पडदा डोळ्याला फडफडताना दिसतो. ४८ वेळा उजळणारा बहुधा दिसत नाही. मूकपटांच्या काळात चित्रे सेकंदाला सोळाच्या आसपास असत, म्हणून त्या यंत्रांच्या झडपेला तीन पाती असत; सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. या सर्व अंधारांची बेरीज केली, तर तीन तासांच्या चित्रपटात आपण जवळजवळ निम्मा वेळ काळोखाकडे पाहत बसलेलो असतो, आणि त्याचे तिकीट मात्र पूर्ण घेतले जाते.

मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली, तेव्हापासून आपल्या देशाचे डोळे या खेळाला सरावले. दादासाहेब फाळके यांनी १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि ते त्या वेडाने झपाटले. पुढच्या प्रयोगांच्या ताणात त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि उपचारांनी परत आली, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्याचा दोष लुकलुकणाऱ्या पडद्याला देण्याचा मोह होतो; पण पडद्याच्या लुकलुकीने निरोगी माणूस आंधळा होत नाही. आमच्या विषयाला फाळक्यांचे दुसरेच काम अधिक जवळचे आहे. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी अनेक दिवस थोडी थोडी चित्रित केली आणि काही क्षणांत सलग दाखवली. तुटक तुकड्यांतून सलग जग उभे करता येते, हे त्यांनी कुंडीतल्या एका रोपावर सिद्ध केले.

हे कसे घडते? शाळेत आपण सर्वांनी ‘दृष्टिसातत्य’ शिकलो आहोत. वस्तू दूर झाली तरी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर १/१६ सेकंद टिकते, म्हणून चित्रे जोडली जातात. हे उत्तर परीक्षेपुरते ठीक आहे; पण ते अर्धेच आहे. कसे ते पाहण्यासाठी दृष्टिपटलात शिरले पाहिजे.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या आतील बाजूस असलेला, कागदाइतका पातळ पडदा. त्याला पडदा म्हणणे वस्तुतः अन्यायाचे आहे, कारण सिनेमाचा पडदा नुसता प्रकाश झेलतो आणि हा विचार करतो. गर्भात तो मेंदूच्याच भागातून तयार होतो. त्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी असतात. दंडाकार पेशी अंधुक उजेडासाठी, शंक्वाकार पेशी लख्ख उजेडासाठी आणि रंगांसाठी. मात्र डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे बारा कोटींहून अधिक साक्षीदारांची साक्ष दहा-बारा लाख ओळींत बसवायची आहे. काटछाट अटळ आहे आणि ती काटछाट करणे हेच दृष्टिपटलाचे काम.

या पेशींबद्दलची पहिली गोष्ट वाचून आम्ही थक्क झालो. आपली समजूत अशी, की उजेड पडला म्हणजे पेशी जागी होऊन आत खबर देते. घडते नेमके उलटे. अंधारात ही पेशी सतत एक रसायन स्रवत असते. रात्रभर शिट्टी वाजवणाऱ्या राखणदारासारखी ती अंधारभर ‘अंधार आहे, अंधार आहे’ असे सांगत राहते. प्रकाशाचा कण तिच्यातील रंगद्रव्यावर आदळला, की आत साखळीने क्रिया घडतात, पेशीच्या आवरणावरील विद्युतभारित कणांची दारे मिटतात आणि शिट्टी मंदावते. शिट्टी थांबली यावरून पुढच्या पेशींनी ओळखायचे, की उजाडले.

आता लुकलुकीचा प्रश्न येथेच उभा राहतो. शिट्टी थांबायला आणि पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. मिटलेली दारे उघडायची तर उत्तेजित झालेले प्रत्येक रसायन शांत करावे लागते. दंडाकार पेशी यात फार संथ. मंद प्रकाशाच्या एका चमकेला तिचा प्रतिसाद शिगेला पोचेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा भाग निघून जातो. शंक्वाकार पेशी तिच्याहून कितीतरी चपळ. म्हणून अंधुक उजेडात सेकंदाला पंधरा-वीस लुकलुकीसुद्धा आपल्याला सलग भासतात आणि लख्ख उजेडात पन्नास-साठपर्यंतच्याही वेगळ्या जाणवू शकतात. उजेड जितका प्रखर तितकी लुकलुक ओळखण्याची मर्यादा वर सरकते, हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. तंबूतला पडदा मळका आणि दिवा अशक्त. म्हणून तेथे फडफड खपून जाई. तोच चित्रपट तितक्याच चित्रांनिशी झगझगीत पडद्यावर दाखवला असता, तर डोळ्यांना टोचला असता.

ज्यांनी विहिरीवर मोट चाललेली पाहिली आहे, त्यांना हे एका क्षणात कळेल. मोट थारोळ्यात रिती होते तेव्हा पाणी धबकन येते, मग थांबते, पुन्हा धबकन येते. पाटाने थोडे पुढे जाऊन पाहा. धबके पुसट झालेले असतात. अगदी शेवटच्या वाफ्याशी पाणी एकसारखे वाहते आणि तेथे बसलेल्या पोराला वाटते, की विहिरीवर झराच फुटला आहे. मोटेची फेरी संथ असेल तर धबके वाफ्यापर्यंत पोचतात. झपाझप असेल तर पाटातच विरतात. शंक्वाकार पेशीचा पाट आखूड, दंडाकार पेशीचा लांब. आणि विरल्यावर वाफ्याला जे मिळते ती सरासरी असते. लुकलुक एकदा मिटली की प्रकाशाची प्रखरताही डोळ्याला सरासरीइतकीच भासते. विज्ञान प्रदर्शनासाठी आपण सर्वांनी कधी ना कधी केलेली न्यूटनची तबकडी याच तत्त्वावर पांढुरकी दिसते. ती पांढरीशुभ्र न दिसता मळकट दिसते म्हणून आम्ही लहानपणी रंगपेटीला दोष देत होतो. सरासरी मळकटच येणार होती.

अतिवेगाचे पुसून टाकणे हे झाले एक काम. दुसरे याच्या उलट आहे. जे बदलतच नाही, तेही दृष्टिपटल गाळून टाकते. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही. ती सुरू झाली की कळते आणि बंद पडली की दचकून कळते. अमेरिकी शास्त्रज्ञ हार्टलाइन यांनी १९३८ साली बेडकाच्या डोळ्याच्या नसेतील एकेक तंतू सुटा केला आणि त्यातून जाणारे विद्युत संदेश नोंदले. काही तंतू प्रकाश लागल्यावर बोलत. काही फक्त प्रकाश लागताना आणि विझताना बोलत, मधल्या वेळात गप्प. आणि काही तर प्रकाश विझल्यावरच बोलत. म्हणजे मेंदूकडे जाते ते प्रकाशाचे छायाचित्र नसून ‘उजळले’ आणि ‘विझले’ अशा बातम्यांचा ओघ असतो. या कामाबद्दल हार्टलाइन यांना १९६७ साली ग्रॅनिट आणि वॉल्ड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या दृष्टिपटलातही उजळण्याच्या आणि विझण्याच्या बातम्या वाहणाऱ्या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे पुढे स्पष्ट झाले.

ही दोन कामे एकत्र ठेवा. फार संथ बदल गळतात, फार वेगवान बदल विरतात. मध्ये एक पट्टा उरतो, साधारणतः सेकंदाला दहाच्या आसपासचा, ज्यात डोळा लुकलुकीला सर्वाधिक हळवा असतो. त्या वेगाने लुकलुकणारा दिवा नुसता दिसत नाही; तो छळतो. उजळणाऱ्या आणि विझणाऱ्या दोन्ही बातम्या प्रत्येक फेरीत पूर्ण जोराने निघतात आणि नसेतून मेंदूवर पावसाच्या सरीसारख्या आदळतात.

आता दृष्टिसातत्याच्या अर्ध्या उत्तराकडे वळू. प्रतिमा डोळ्यात टिकून राहते एवढ्यानेच चित्र हलते असे मानले, तर पडद्यावर धावणाऱ्या घोड्याची सोळा चित्रे एकावर एक चढून नुसता चिखल दिसला पाहिजे. तसे होत नाही. फडफड का दिसत नाही, याचे उत्तर दृष्टिपटलाच्या संथपणात आहे. घोडा का धावतो, याचे उत्तर वेगळे आहे. जर्मनीत वर्टहायमर यांनी १९१२ साली दाखवून दिले, की थोड्या अंतरावरच्या दोन रेषा योग्य अंतराने एकामागून एक उजळवल्या, तर माणसाला एकच रेषा सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसते. गती ही मेंदूने केलेली जोडणी आहे. त्याच वर्षी फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

घरच्या ट्यूबकडे आता नव्या नजरेने पाहता येईल. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शिखर गाठतो. म्हणून जुन्या, लोखंडी चोक असलेली चांगली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. आपल्याला ती स्थिर दिसते. पण तिच्याखाली पेन्सिल झपझप हलवून पाहा. सलग पुसट पट्ट्याऐवजी अनेक सुट्या पेन्सिली दिसतील. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून काही स्वस्त एलईडी दिवे पाहिले की पडद्यावर काळे पट्टे सरकतात, तेही यामुळेच. ट्यूब जुनी झाली, तिचे एक टोक अशक्त झाले, की शंभराची लय मोडून पन्नासाची होते आणि तिची टोके फडफडू लागतात. स्टार्टर बिघडला किंवा व्होल्टेज उतरले, की ती त्याहूनही संथ आणि अनियमित लुकलुकते. अशी ट्यूब डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली की थरथरते आणि सरळ पाहिली की शांत वाटते, हा अनुभव पुष्कळांचा असेल. तो भास नव्हे. प्रखर आणि मोठ्या प्रकाशाच्या बाबतीत दृष्टिपटलाचा कडेचा भाग मध्यभागापेक्षा लुकलुक अधिक चपळाईने पकडतो. अभ्यासिकेत पुस्तकात मान घातलेल्या मुलाला ट्यूब कोपऱ्यातूनच दिसत असते. पर्यवेक्षक म्हणून आम्ही तिच्याकडे सरळ पाहत होतो.

आणखी एक बाब आम्हाला अस्वस्थ करून गेली. लुकलुक आपल्याला दिसेनाशी झाली म्हणजे दृष्टिपटलाला कळेनाशी झाली असे नाही. डोळ्यावर सूक्ष्म विद्युत मोजणी केली असता, सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या ट्यूबच्या लयीला दृष्टिपटल प्रतिसाद देताना आढळते. जाणीव तेवढी होत नाही. ब्रिटनमध्ये विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एका कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे तपासले. साध्या चोकऐवजी अतिवेगवान लयीचा इलेक्ट्रॉनिक चोक बसवल्यावर डोकेदुखीचे आणि डोळे दुखण्याचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. कोणाला कोणता चोक लावला आहे हे कर्मचाऱ्यांना ठाऊक नव्हते. ‘ट्यूबखाली डोके दुखते’ म्हणणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी वर पाहावे, एवढे आम्ही यातून शिकलो. उलट बाजूने हीच मोजणी उपयोगीही पडते. नेत्ररुग्णालयात सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा दिवा दाखवतात. त्या वेगाला दंडाकार पेशी मागे पडतात आणि उरलेला प्रतिसाद केवळ शंक्वाकार पेशींचा असतो. त्यावरून कोणत्या पेशी आजारी आहेत, हे कळते.

आता त्या मुलाकडे येऊ. फिट, फेफरे, आकडी, मिरगी, अपस्मार. नावे अनेक, पण मुळात ती मेंदूतील पेशींच्या समूहाने एकाच वेळी, एका लयीत केलेली अनावर विद्युत उसळी असते. एरवी मेंदूच्या पेशी आपापल्या वेळेला बोलतात. अपस्मार असलेल्या शंभरांतील सुमारे तीन ते पाच जणांच्या मेंदूत अशी ठेवण असते, की डोळ्याकडून एकाच लयीत, एकाच वेळी पुष्कळ बातम्या आल्या की दृष्टीचा भाग त्या लयीत ओढला जातो. लहान मुले आणि किशोर यांत हे अधिक आढळते. सर्वाधिक धोक्याचा वेग सेकंदाला साधारण १५ ते २५. मात्र यांतील अनेक जण पन्नासच्या लयीलाही प्रतिसाद देतात. ताशी ६० किलोमीटर वेगाची एस. टी. सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. पुलाच्या कठड्याचे खांब मीटर-मीटरवर असतील आणि पलीकडे मावळतीचा सूर्य असेल, तर खिडकीशी बसलेल्या मुलाच्या डोळ्यांवर सेकंदाला १७ लुकलुकी पडतात. गणित सहावीचे आहे.

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला. त्या रात्री ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील बहुतेकांना पूर्वी कधी फिट आलेली नव्हती. त्यानंतर तेथील दूरचित्रवाणीने चमकांबाबत नियम केले; सेकंदाला तीनपेक्षा अधिक चमका टाळाव्यात, हा दंडक आज अनेक देशांत पाळला जातो. एका देशातील शेकडो घरांत, एकाच संध्याकाळी, एकाच दृश्याला मुले पडली. इतक्या भुतांनी इतके वक्तशीर असावे, हे कोणत्याही देवर्ष्याला समजावून सांगता येणार नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून जुना दाखला ठाऊक असतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, आज लिबियात असलेल्या सबराथा या नगरात, अपुलेयस नावाच्या लेखकावर जादूटोण्याचा खटला चालला. आरोपांपैकी एक असा, की त्याने मंत्र घालून एका गुलाम मुलाला जमिनीवर पाडले. अपुलेयसने भर न्यायालयात उत्तर दिले: मुलाला अपस्मार आहे, त्याला मांत्रिकाची नव्हे, वैद्याची गरज आहे. अशा रुग्णाला कुंभाराचे फिरते चाक पाहूनही झटका येऊ शकतो, असेही त्याने ओघात सांगितले. फिरत्या चाकाचे लुकलुकणे आणि फिट यांचा संबंध अठराशे वर्षांपूर्वी कोणाला तरी जाणवला होता, आणि त्यासाठी जादूगार ठरवला जाण्याच्या भीतीने उभा असलेला माणूस बोलला होता.

आपल्याकडे ती भीती अजून पूर्ण गेलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्याच साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले तो झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे, मिरचीची धुरी देणे, चपलेचे पाणी पाजणे हे सारे त्या कायद्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून नोंदले आहे. मुलींच्या आईवडिलांना फिट लपवावी वाटते ती लग्नाच्या चिंतेने. विवाहाच्या कायद्यातील अपस्माराची अट १९९९ साली काढून टाकली गेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहीत आहोत.

मुलाला फिट आली तर करायचे ते थोडके आहे. त्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल दूर. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा. आणि पहिलीच फिट असेल तर ती थांबली तरी डॉक्टरांना दाखवावेच. सुरू केलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्याला लुकलुकीचा त्रास आहे त्याने टीव्ही दुरून, खोलीत दिवा लावून पाहावा. पडदा जितका जवळ, तितका दृष्टिपटलाचा मोठा भाग एका लयीत ओढला जातो. आणि अचानक लुकलुक समोर आलीच, तर दोन्ही डोळे मिटण्यापेक्षा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. मिटलेल्या पापण्यांतून प्रकाश आत येतोच. एक डोळा झाकला की मेंदूवर आदळणारी सर निम्मी होते.

लग्नाच्या आणि मिरवणुकांच्या दिव्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. डीजेपुढे जे दिवे लुकलुकवतात, त्यांचा वेग वर सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यात सहज जाऊ शकतो. लेझरचा धोका निराळा: तेथे प्रश्न लुकलुकीचा नसून दृष्टिपटल भाजण्याचा आहे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे असे तरुण रुग्ण आले होते. आपल्या जयंतीच्या मिरवणुका याला अपवाद आहेत असे म्हणण्याची आमची इच्छा फार आहे. पण वस्तुस्थिती तशी नाही.

तो मुलगा उपचारांनंतर शाळेत परत आला आणि दहावी झाला. काही वर्षांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच्या गोळ्या कमी झाल्या. आज तो पुण्यात नोकरी करतो. अभ्यासिकेतील ती ट्यूब आम्ही त्याच्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी बदलली. वडूजच्या बाजारपेठेत ती विकत घ्यायला दहा मिनिटे लागली. मागच्या वर्षी एका वर्गमित्राच्या लग्नात त्याची भेट झाली. मांडवात दिवे लुकलुकू लागले, तेव्हा तो आमच्याशी बोलत होता. बोलणे न थांबवता त्याने उजवा तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला आणि डाव्या डोळ्याने आमच्याकडे पाहत वाक्य पूर्ण केले. त्याच्या शेजारी त्याची धाकटी मुलगी उभी होती. तिनेही बापाचे पाहून एक डोळा झाकला होता. तिच्यासाठी तो खेळ होता.